अजगरात एक्स-वाय, नागात झेड-डब्ल्यू : सरीसृपांची लिंगगुणसूत्रं कशी घडली?

सरपटवेडी

लिंगगुणसूत्रांची, म्हणजे नर की मादी हे ठरवणाऱ्या गुणसूत्रांच्या जोडीची, उत्क्रांती शिकवताना सापांची एक रांग दाखवायची पद्धत वर्षानुवर्षं होती. रांगेच्या एका टोकाला बोआ (अजगरासारखे साप) आणि अजगर, मधे धामणीच्या गोतावळ्यातले साप, दुसऱ्या टोकाला घोणस आणि तिचे भाऊबंद. माणसात वेगवेगळी जोडी पुरुषाकडे असते, एक्स आणि वाय. सापांत ती मादीकडे असते असं मानलं जायचं, झेड आणि डब्ल्यू. नराकडे दोन्ही झेड. सूक्ष्मदर्शकाखाली अजगराच्या मादीची चौथी जोडी पाहिली तर दोन्ही गुणसूत्रं अगदी सारखी दिसतात. मधल्या सापांत लांबी साधारण तेवढीच, पण ठेवण बदललेली. घोणशीच्या कुळात डब्ल्यू आक्रसून बारकं झालेलं.

जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात या रांगेच्या आधारे मांडणी केली. लिंगगुणसूत्रं म्हणजे मुळात एक साधी, सारखी जोडी. त्यातल्या एकावर लिंग ठरवणारं जनुक उगवतं, त्याच्या आसपास जोडीतली देवाणघेवाण बंद पडते, आणि मग ते गुणसूत्र झिजत जातं. अजगर ही सुरुवात, घोणस हा शेवट.

मांडणीचा गाभा आजही पक्का आहे. रांग मात्र मोडली. २०१७ मध्ये टोनी गँबल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बोआ इम्पेरेटर आणि बर्मी अजगर या दोघांत झेड-डब्ल्यू नाहीच. दोघांतही एक्स-वाय आहे, म्हणजे वेगळी जोडी नराकडे! शिवाय दोघांचं एक्स-वाय एकमेकांपासून स्वतंत्रपणे आलेलं आहे. जिला आपण पन्नास वर्षं पहिली अवस्था म्हणत आलो, ती त्या वाटेवरची अवस्थाच नव्हती.

हा शोध मला फार मोलाचा वाटतो, आणि तो फक्त सापांपुरता नाही. आज जिवंत असलेला एक प्राणी दुसऱ्या जिवंत प्राण्याची जुनी आवृत्ती नसतो. अजगराच्या वंशालाही उत्क्रांत व्हायला तेवढाच काळ मिळालाय जेवढा घोणशीच्या वंशाला. सरीसृपांत हे जितकं लख्ख दिसतं तितकं सस्तन प्राण्यांत किंवा पक्ष्यांत दिसत नाही, कारण तिथे बहुतेक सगळ्यांनी एकच पद्धत कोट्यवधी वर्षं धरून ठेवली. सरीसृपांत मगरी-सुसरींना लिंगगुणसूत्रंच नाहीत, अंड्याच्या तापमानावर सगळं ठरतं. कासवांत बहुतेकांचं तसंच, पण काहींत एक्स-वाय आणि काहींत झेड-डब्ल्यू. पाली-सरड्यांत तर तिन्ही प्रकार, कधीकधी जवळच्या नातलगांतसुद्धा वेगवेगळे.

ज्यांना यातलं काही ठाऊक आहे त्यांनी जरूर लिहावं. प्रश्नही चालतील, खरं तर हवेतच.

मितभाषी

वाचतोय. अजगराचं माहीत नव्हतं.
एक शंका: दोन्ही गुणसूत्रं दिसायला सारखीच, तर एक्स-वाय आहे की झेड-डब्ल्यू हे कळतं कसं?

सरपटवेडी

@मितभाषी, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. डोळ्यांनी कळत नाही म्हणूनच पन्नास वर्षं गेली. गँबल यांच्या गटाने नर आणि मादी दोघांच्या डीएनएचे हजारो छोटे तुकडे वाचून तुलना केली. एखादा तुकडा सगळ्या नरांत आहे आणि एकाही मादीत नाही, असं आढळलं तर तो वायवरचा. उलट फक्त माद्यांत आढळला तर डब्ल्यूवरचा. बोआ आणि अजगरात फक्त नरांत असणारे तुकडे मिळाले.

पण त्याआधीच दोन ठिकाणांहून सुगावा लागला होता, आणि मला तेच जास्त आवडतात.

पहिला अनिषेकजननाचा, म्हणजे नराशिवाय झालेल्या पिल्लांचा. सापांत हे अधूनमधून घडतं. अंड्याचं केंद्रक आपल्याच एका भावंड-पेशीशी जुळतं, त्यामुळे पिल्लाच्या लिंगगुणसूत्रांच्या जोडीत बहुधा दोन्ही सारखी येतात. आई झेड-डब्ल्यू असेल तर पिल्लू एक तर झेड-झेड, म्हणजे नर, किंवा डब्ल्यू-डब्ल्यू, आणि ते सहसा जगत नाही. नाग-घोणस-धामणीच्या मोठ्या गटात तसंच होतं, पिल्लं नर निघतात. कोमोडो ड्रॅगनमध्येही तसंच. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या दोन प्राणिसंग्रहालयांतल्या माद्यांची अशी पिल्लं प्रसिद्ध झाली, सगळे नर. पण बोआ आणि अजगरात अशी पिल्लं सगळ्या माद्या! २०११ मध्ये बोआच्या अशा पिल्लांना ‘डब्ल्यू-डब्ल्यू माद्या’ म्हटलं गेलं. आई मुळात एक्स-एक्स आहे असं धरलं की ही सगळी ओढाताण संपते. एक्स-एक्स आईची नराशिवाय झालेली पिल्लं एक्स-एक्सच असणार.

दुसरा सुगावा साप पाळून त्यांची पैदास करणाऱ्यांकडचा. बॉल पायथन या अजगरात ‘कोरल ग्लो’ नावाचा एक रंगप्रकार आहे. पैदास करणाऱ्यांच्या लक्षात आलं की काही कोरल ग्लो नर हा रंग जवळजवळ फक्त मुलांना देतात आणि काही जवळजवळ फक्त मुलींना. ते अशा नरांना ‘मेल मेकर’ आणि ‘फीमेल मेकर’ म्हणू लागले. आणखी एक गोष्ट: ज्याला हा रंग बापाकडून मिळाला तो मुलांना देतो, आणि ज्याला आईकडून मिळाला तो मुलींना. रंगाचं जनुक बापाच्या वायवर असेल तर ते मुलांकडेच जाणार, एक्सवर असेल तर मुलींकडेच. अधूनमधून एखादा अपवाद निघतो, कारण या जोडीत देवाणघेवाण अजून पूर्ण थांबलेली नाही. २०१६ मध्ये हे रीतसर लिहिलंही गेलं. वंशावळीच्या नोंदी नीट ठेवल्या की प्रयोगशाळेशिवायही गुणसूत्रांबद्दल केवढं समजतं याचं हे सुंदर उदाहरण आहे.

पेशीबद्ध

छान धागा. गुणसूत्रांचंच काम करतो, म्हणून थोडी भर.

सापांच्या डब्ल्यूची गोष्ट लालजी सिंग यांच्याशिवाय अपुरी आहे. बनारस हिंदू विद्यापीठात रायचौधुरींच्या हाताखाली त्यांनी सापांच्या गुणसूत्रांवर काम सुरू केलं. पुढे एडिनबरोमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डीएनएमधून एक वारंवार येणारा भाग वेगळा काढला. तोच ‘बीकेएम’, बँडेड क्रेट मायनर सॅटेलाइट. त्यात जीएटीए ही चार अक्षरं पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा येतात. हा भाग अनेक सापांच्या डब्ल्यूवर दाटीने सापडतो, अजगर-बोआच्या गटात तसा सापडत नाही. हेच बीकेएम पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू संशोधन संस्थेत डीएनए फिंगरप्रिंटिंगसाठी वापरलं गेलं. सापाच्या मादीचं गुणसूत्र समजून घेण्याच्या कामातून न्यायालयात उभं राहणारं साधन निघालं.

डब्ल्यू किंवा वाय का झिजतं, तेही थोडक्यात. अंडं-शुक्राणू तयार होताना जोडीतली गुणसूत्रं आपापसात तुकडे बदलतात. त्यामुळे एकावर बिघाड झाला तरी दुसऱ्याकडचा चांगला तुकडा घेऊन पुढच्या पिढीत बिघाडाविना गुणसूत्र तयार होऊ शकतं. लिंग ठरवणाऱ्या जनुकाभोवती ही अदलाबदल थांबली की एक्स (किंवा झेड) ची सोय टिकते, कारण ते एका लिंगात दुकटं असतं. वाय (किंवा डब्ल्यू) कायम एकटं. त्याच्यावरचे बिघाड साचत जातात, बीकेएमसारखे पुनरावृत्त भाग त्यात माजतात, जनुकं एकेक करून निकामी होतात. आधी दाटी होते, आकसणं बऱ्याचदा नंतर.

झीज किती वेगाने होईल याचं वेळापत्रक मात्र नाही. नाग-घोणस गटाची झेड-डब्ल्यू जोडी सहा कोटी वर्षांहून जुनी आहे आणि तरी त्याच गटात काहींचं डब्ल्यू ठेंगणं, काहींचं झेडएवढं. लांबीवरून वय काढू नये, एवढं मी आवर्जून सांगेन.

शंकेखोर

मगरींचं तापमानावर चालतं, छान चालतं. मग लिंगगुणसूत्रं आलीच कशाला? आणि तापमानाची पद्धत जुनी असेल तर ती ‘मागासलेली’ म्हणायची का?

दगडफूल

मागासलेली अजिबात नव्हे! जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलंय आणि हा शब्द मी वर्गात दरवेळी खोडून काढत आलो.

आधी थोडा इतिहास. तापमानाने लिंग ठरतं हे पहिल्यांदा कळलं १९६६ मध्ये. सेनेगलमध्ये डाकारला काम करणाऱ्या मादलेन शार्निये यांनी अगामा सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानाला उबवली. कमी तापमानाला जवळजवळ सगळ्या माद्या, २९ अंशांना नर. त्यांच्या या छोट्या टिपणाकडे बरीच वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही. नंतर कासवं आणि मगरींत हेच सापडलं तेव्हा त्याचं महत्त्व ध्यानात आलं.

सगळीकडे नियम एकच नाही. बहुतेक कासवांत गारव्याला नर, उष्णतेला मादी. मगरींत मधल्या तापमानाला नर आणि दोन्ही बाजूंना माद्या. आपल्या मगरीत साधारण ३२.५ अंशांच्या आसपास नर निघतात, त्याहून कमी आणि जास्त दोन्हीकडे माद्या. न्यूझीलंडच्या तुआतारा या सरड्यासारख्या सरीसृपात कासवांच्या उलट, साधारण २२ अंशांच्या वर नर.

‘आलीच कशाला’ याचं सगळ्यात नावाजलेलं उत्तर एरिक शार्नोव आणि जिम बुल यांनी १९७७ मध्ये दिलं. समजा एखाद्या परिस्थितीत उबलेलं पिल्लू मादी झालं तर त्याचं आयुष्य फळतं आणि वेगळ्या परिस्थितीत उबलेलं नर झालं तर फळतं. परिस्थितीवर ना आईचा ताबा ना पिल्लाचा. अशा वेळी परिस्थितीप्रमाणे लिंग ठरवणं फायद्याचं. आणि हा फायदा नसेल, किंवा हवामान इतकं लहरी असेल की एका वर्षी सगळे नर आणि दुसऱ्या वर्षी सगळ्या माद्या निघतील, तर गुणसूत्रांवर सोपवणं बरं, कारण त्यातून निम्मे-निम्मे हमखास मिळतात.

याची परीक्षा घेणं भलतं अवघड होतं. उष्णतेला नरच होत नसतील तर ‘उष्णतेतला नर कसा जगतो’ हे बघणार कसं? वॉर्नर आणि शाइन यांनी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॅकी ड्रॅगन सरड्यावर युक्ती केली. अंड्यात इस्ट्रोजेन तयार करणारं विकर रोखलं की कुठल्याही तापमानाला नर मिळतात. असे ‘नको त्या तापमानाचे’ नर आणि नैसर्गिक नर एकत्र वाढवले, वर्षं जाऊ दिली आणि कोणाला किती पिल्लं झाली ते मोजलं. ज्या तापमानाला एरवी नर होतात तिथले नर बाप म्हणून सरस ठरले. मुलांना सांगायला याहून देखणा प्रयोग मला माहीत नाही.

शंकेखोर

धन्यवाद दगडफूल सर, प्रयोगाची कल्पना जबरदस्त आहे.
उपप्रश्न: तापमान जनुकापर्यंत पोचतं कसं? पेशीला ऊन लागलं हे कोण सांगतं?

पेशीबद्ध

लाल कानाच्या कासवात बरंच उलगडलंय. त्यांच्यात २६ अंशांना नर, ३२ ला मादी. भ्रूणाची जननग्रंथी अजून वृषणही नाही आणि बीजांडकोशही नाही, अशा टप्प्यावर केडीएम६बी नावाचं जनुक २६ अंशांना जास्त काम करतं. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर काही रासायनिक खुणा असतात, जनुक बंद ठेवणाऱ्या. केडीएम६बीचं प्रथिन डीएमआरटी१ या जनुकावरच्या अशा खुणा पुसतं. डीएमआरटी१ जागं होतं आणि वृषण घडायला लागतं. २०१८ मध्ये केडीएम६बी दाबून बघितलं तर २६ अंशांनाही बहुतेक भ्रूण माद्या झाले. २०२० मध्ये पुढचा दुवा मिळाला: उष्णतेला पेशीत कॅल्शियम वाढतं, त्याने एसटीएटी३ हे प्रथिन कामाला लागतं आणि ते जाऊन केडीएम६बीला गप्प करतं.

आता गंमत बघा. डीएमआरटी१ हे पक्ष्यांच्या झेडवर आहे. कोंबडीत त्याचे दोन डोस मिळाले की नर. माणसात वायवरचं एसआरवाय हे जनुक पहिली ठिणगी देतं, पण डीएमआरटी१ माणसातही वृषणासाठी लागतं. वरचं बटण प्रत्येकाचं निराळं. खालची यंत्रणा बरीचशी सामायिक. माझ्या मते सरीसृपांत बदल इतक्या सहज होतात याचं एक मोठं कारण हे आहे. वृषण किंवा बीजांडकोश घडवण्याचं सगळं काम नव्याने शोधावं लागत नाही, नुसतं सुरुवातीचं बटण बदललं तरी भागतं.

सरपटवेडी

पेशीबद्ध, तुम्ही केडीएम६बीचा विषय काढलात म्हणून बेअर्डेड ड्रॅगनवर लिहितेच. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला हा सरडा, पोगोना विटिसेप्स. याच्यात झेड-डब्ल्यू आहे आणि बऱ्यापैकी वेगळं झालेलं डब्ल्यू आहे. पण अंडं ३२ अंशांच्या वर उबलं तर झेड-झेड भ्रूणसुद्धा मादी होतं. २००७ मध्ये हे प्रयोगशाळेत दिसलं. २०१५ मध्ये क्लेअर हॉलेली आणि सहकाऱ्यांनी रानातल्या सरड्यांतही अशा उलटलेल्या माद्या शोधल्या.

मग त्यांनी या झेड-झेड मादीचं साध्या झेड-झेड नराशी मीलन घडवलं. सगळी पिल्लं झेड-झेड. त्यांचं लिंग ठरलं निव्वळ तापमानावर. एका पिढीत डब्ल्यू नाहीसं झालं आणि गुणसूत्रांची पद्धत जाऊन तापमानाची आली! वर या उलटलेल्या माद्या साध्या माद्यांपेक्षा जास्त अंडी घालतात. ‘हा बदल व्हायला लक्षावधी वर्षं लागतात’ असं आपण सहज म्हणून जातो. इथे तो एका विणीत झाला.

आणि २०१७ मध्ये कळलं की उलटलेल्या माद्यांत केडीएम६बी आणि त्याच्या साथीचं जेरिड२ या जनुकांचे संदेश नीट कापले-जोडले जात नाहीत, मधला एक नको असलेला तुकडा तसाच राहतो. अॅलिगेटर आणि कासवांतही तापमानानुसार हेच होतं. म्हणजे झेड-डब्ल्यू असलेल्या सरड्याच्या पोटातही तापमान ओळखण्याची जुनी सोय शाबूत आहे.

दगडफूल

इथे थोडं असहमत. ड्रॅगन सरड्यांवरून सगळ्या सरीसृपांबद्दल बोलणं जोखमीचं आहे. नाग-घोणस गटाची झेड-डब्ल्यू सहा कोटी वर्षं तशीच. घोरपडी, कोमोडो आणि गिला मॉन्स्टर यांचीही एकच जोडी, त्याहून जुनी. हिरव्या अनोल सरड्याच्या गोतावळ्यात एक्स-वाय दहा-पंधरा कोटी वर्षं टिकलंय. पोकोर्ना आणि क्रातोख्विल यांनी २००९ मध्ये लिंगगुणसूत्रांना उत्क्रांतीतला सापळा म्हटलं होतं, ते मला पटतं. वाय किंवा डब्ल्यू एकदा पुरेसं झिजलं की परत फिरणं अवघड. लिंग उलटलेल्या नराचं किंवा मादीचं मीलन झालं तर काही पिल्लांच्या वाट्याला डब्ल्यू-डब्ल्यू किंवा वाय-वाय येतं, म्हणजे महत्त्वाची जनुकंच गायब.

सरपटवेडी

तुम्ही दिलेली उदाहरणं भक्कम आहेत, आणि जुन्या, झिजलेल्या जोड्या सहसा टिकतात हे मान्यच. पण ड्रॅगनच्या बाबतीत सापळ्याला एक पळवाट आहे, तीही तुमच्याच तर्कातून निघते. झेड-झेड मादी आणि झेड-झेड नर यांच्या पिल्लांत डब्ल्यू-डब्ल्यूचा प्रश्नच येत नाही, कारण डब्ल्यू कोणाकडेच नाही. झिजलेलं गुणसूत्र टाकून द्यायला काहीच नुकसान होत नाही. माणसासारख्या प्रजातीत वाय टाकून दिलं तर नरच उरणार नाहीत. तापमान ज्यांना उलटवू शकतं त्यांना ही अडचण नाही.

अनोलच्या भाऊबंदांतही अपवाद निघालाय. बॅसिलिस्क, म्हणजे पाण्यावरून धावणारे सरडे, याच मोठ्या गटातले. त्यांच्यात हे जुनं एक्स-वाय सापडत नाही, वेगळंच एक्स-वाय आहे. सापळा आहे, पण त्यातून सुटलेलेही आहेत. कोण सुटतं आणि कोण नाही, माझ्या लेखी खरा प्रश्न हा आहे.

आकडेमोड

सुटण्याचा विषय निघालाय तर पालींचा विदा बघायलाच हवा. गँबल यांच्याच गटाने २०१५ मध्ये पालींच्या वंशवृक्षावर लिंगनिश्चितीचे प्रकार मांडले. हिशोब असा आला की पालींत पद्धत किमान १७ ते २५ वेळा बदलली असावी. तापमान, एक्स-वाय, झेड-डब्ल्यू, सगळ्या दिशांनी. त्याच काळात सस्तन प्राण्यांच्या बहुतांश गटांत शून्य बदल. सरासरी काढण्यात अर्थ नाही, वेगवेगळ्या वंशांचे स्वभावच वेगळे आहेत.

मला आणखी एक गोष्ट विलक्षण वाटते: कोणतं गुणसूत्र निवडलं जातं. शेकडो जनुकांची कितीतरी गुणसूत्रं उपलब्ध असताना काही पुन्हा पुन्हा निवडली जातात. हिरव्या अनोलचं एक्स आणि मऊ पाठीच्या कासवांचं झेड, दोन्ही कोंबडीच्या १५ व्या गुणसूत्राशी जुळतात. कोंबडीचं झेड ज्यापासून आलं तेच गुणसूत्र गेक्को होकूएन्सिस या पालीतही झेड झालंय. आणि स्टॉरोटायपस या मेक्सिको-मध्य अमेरिकेतल्या कासवात तेच गुणसूत्र एक्स-वाय झालंय! एकाच कच्च्या मालातून पक्ष्यात झेड-डब्ल्यू आणि कासवात एक्स-वाय. डीएमआरटी१ तिथे बसलंय म्हणून हे होत असावं, असा माझा कयास.

मितभाषी

अनोलमध्ये वाय झिजलं म्हणजे नराकडे एक्सवरच्या जनुकांचा एकच डोस. नर कमी पडत नाहीत का?

आकडेमोड

नाही पडत. २०१७ मध्ये मोजलं गेलं: अनोल नराचं एकटं एक्स जवळपास दुप्पट काम करतं. फळमाशीत जशी भरपाई होते तशीच. सापांत मात्र २०१३ मध्ये बोआ, गार्टर साप आणि पिग्मी रॅटलस्नेक यांची तुलना झाली तेव्हा दिसलं की झिजलेल्या डब्ल्यूच्या माद्यांत झेडवरच्या अनेक जनुकांची पातळी नरांपेक्षा कमीच राहते. सरसकट भरपाई नाही, आणि तरी साप कोट्यवधी वर्षं मजेत आहेत. ‘वाय झिजला की भरपाई यायलाच हवी’ हा नियम सरीसृपांनी मोडून दाखवलाय.

नदीकाठ

समुद्री कासवांसाठी काम करते, म्हणून मनापासून विचारतेय. २०१८ मध्ये ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास आला. लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या, प्रौढांत सुमारे ८७ टक्के. वाळू तापतेय हे उघड आहे. ड्रॅगन सरडा एका पिढीत पद्धत बदलू शकतो, तर कासवं तापमानाकडून गुणसूत्रांकडे जाऊन वाचतील अशी आशा ठेवावी का?

सरपटवेडी

नदीकाठताई, मला वाटतं त्या आशेवर विसंबू नये.

ड्रॅगनमध्ये जे झालं ते गुणसूत्रांकडून तापमानाकडे. तिथे फक्त डब्ल्यू गळायचं होतं. उलट दिशेने जायचं तर तापमानाला दाद न देणारं नवं जनुक यायला हवं आणि ते पसरायला हवं. तत्त्वतः नर दुर्मीळ झाले की नर घडवणाऱ्या जनुकाचा फायदा प्रचंड, म्हणून ते पसरेलही. पण हिरवं कासव वयात यायला पंचवीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त घेतं. एवढ्या संथ पिढ्यांत नवं जनुक पसरायला जो काळ लागेल त्याच्या मानाने वाळू फार झपाट्याने तापतेय. त्याआधी कासवांकडे इतर मार्ग आहेत: अंडी घालण्याची वेळ मागेपुढे करणं, वेगळा किनारा, घरट्याची वेगळी खोली, कोणत्या तापमानाला नर-मादी निम्मे होतात तो आकडा थोडा सरकणं. किनाऱ्यावर सावली आणि झाडोरा राखणं यांसारखं तुमचं काम त्यांना हा वेळ मिळवून देतं.

एक गोष्ट दिलासा देणारी: एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकतो, त्यामुळे माद्या काही प्रमाणात जास्त असणं लगेच घातक नसतं. उलटी स्थिती जास्त वाईट. तुआतारात उष्णतेला नर होतात आणि न्यूझीलंडच्या नॉर्थ ब्रदर बेटावर नर आधीच जास्त झालेत. तिथे अंडी घालणाऱ्याच कमी.

नदीकाठ

समजलं. सावलीचं काम चालूच आहे, आता आणखी नेटाने करू.

शंकेखोर

शेवटचा प्रश्न. घोणस पिल्लं घालते, बहुतेक समुद्री साप पाण्यातच पिल्लं घालतात. आईच्या पोटात तापमान सारखंच राहणार, मग तिथे तापमानाची पद्धत चालणारच नाही ना?

दगडफूल

अगदी हाच तर्क २००९ मध्ये जीवाश्मांना लावला गेला. इक्थियोसॉर, मोसासॉर यांसारखे समुद्री सरीसृप पिल्लं घालत होते, पोटात पिल्लं असलेले जीवाश्म मिळालेत. क्रिस ऑर्गन आणि सहकाऱ्यांनी जिवंत प्राण्यांतला संबंध तपासून निष्कर्ष काढला की या प्राण्यांत लिंग बहुधा गुणसूत्रांनी ठरत असावं, आणि अंडी घालायला किनाऱ्यावर यायची गरज सुटण्याआधी ते आलं असावं. आजचे समुद्री साप झेड-डब्ल्यूवालेच आहेत.

सरपटवेडी

यात एक भर घालते. टास्मानियात निवेओसिंकस ओसेलाटस नावाची सापसुरळी आहे, पिल्लं घालणारी. समुद्रसपाटीजवळच्या उबदार भागात राहणाऱ्यांत गरोदर मादीला ऊन किती मिळालं यावर पिल्लांतलं नर-मादी प्रमाण बदलतं. उष्ण वर्षी माद्या जास्त. डोंगरावरच्या थंड भागात राहणाऱ्यांत असा परिणाम नाही. २०१० मध्ये यामागचं कारणही मांडलं गेलं. खाली ऊन चांगलं मिळालं की पिल्लं लवकर जन्मतात, लवकर जन्मलेल्या माद्यांना वाढायला जास्त काळ मिळतो आणि त्यांचं प्रजनन लवकर सुरू होतं. वर हवामान वर्षागणिक इतकं बदलतं की तापमानावर सोडलं तर नर-मादी प्रमाण बिघडेल.

म्हणजे पोटात तापमान स्थिर असतं हे सगळीकडे लागू नाही. सापसुरळीची मादी उन्हात किती पडून राहते यावर तिच्या पिल्लांचं तापमान ठरतं. आणि दोन्ही ठिकाणच्या सापसुरळ्यांचा डीएनए पाहिला तेव्हा दोन्हीकडे एक्स-वायच्याच खुणा सापडल्या. जोडी तीच, खाली तापमानाला तिच्या निर्णयात वाटा आहे, वर नाही.